छोट्या इतिहास संग्रहालयातलं स्वयंसेवकाचं काम: चिठ्ठ्या, नोंदवह्या आणि ६१ हत्यारं

कंदील

नमस्कार. गेली सहा वर्षं मी एका छोट्या स्थानिक इतिहास संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून जाते. तीन दालनं, मागे भांडाराची एक खोली, एकच पगारी माणूस आणि आम्ही अकरा जण. असं काम करणारे किंवा करावंसं वाटणारे आणखी कुणी इथे असतील तर बोलावं, म्हणून धागा काढते आहे.

सुरुवातीलाच माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. मला जे म्हणायचं आहे ते तिच्यातूनच शिकले.

मी जायला लागून दोन महिने झाले होते. भांडारात एक लाकडी पेटी होती, सुताराच्या हत्यारांची. रंधे, पटाश्या, वाकस, सामता, गुण्या, करवती, कानशी. मोजून ६१. प्रत्येकाला सुतळीने बांधलेली एक मळकी चिठ्ठी. बऱ्याच चिठ्ठ्यांवरची शाई फिकी पडलेली, काहींचे कोपरे कुरतडलेले. मला पेटी स्वच्छ करायला सांगितली होती आणि मी ती मन लावून स्वच्छ केली. सगळ्या चिठ्ठ्या कात्रीने कापून एका पाकिटात भरल्या. हत्यारं मऊ ब्रशने झाडली, आकाराप्रमाणे ओळीत लावली. पेटी इतकी देखणी दिसायला लागली की मी तिचा फोटो काढून ठेवला.

संध्याकाळी व्यवस्थापकांनी पेटी उघडली. रागावले नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हणाले, "आता यातला कोणता रंधा कुणाचा, ते कसं सांगायचं?"

ती हत्यारं एका घरातली नव्हती. तीन घरांतून, वेगवेगळ्या वर्षी आलेली होती. कुणी दिली, ती कुणाच्या हातातली होती, कोणत्या कामाला वापरायचे, हे सगळं नोंदवहीत नीट लिहिलेलं होतं. पण वही एका खोलीत आणि हत्यार दुसऱ्या. त्या दोघांना बांधून ठेवणारी एकच गोष्ट होती, ती मळकी चिठ्ठी. मी तीच कापली.

त्या दिवसापासून आजवर मी ती जुळवते आहे. ६१ पैकी ४४ हत्यारं परत आपापल्या नोंदीला लागली. १७ अजून राहिली आहेत.

दालनात उभं राहून लोकांना माहिती सांगणं हा आमच्या कामाचा छोटा भाग. मोठा भाग मागच्या खोलीत: मोजमाप घेणं, फोटो काढणं, वहीत लिहिणं, किड्यांचे सापळे तपासणं, पेट्या बदलणं. ते कुणाला दिसत नाही. पण संग्रहालय टिकतं ते त्याच्यावर, असं मला आता ठामपणे वाटतं.

तुमचे अनुभव सांगा. आणि त्या १७ हत्यारांबद्दल काही सुचलं तर जरूर लिहा.

शाईदौत

कंदीलताई, मनापासून लिहिलंत. चूक अशी उघड सांगितल्यामुळे दुसऱ्या कुणाची तरी पेटी वाचेल.

मी एका मोठ्या संस्थेच्या संवर्धन विभागात काम केलं आहे. कॅनडाच्या संवर्धन संस्थेने वस्तूंची हानी करणाऱ्या कारणांची एक यादी केली आहे, ती जगभर वापरतात. एकूण दहा कारणं. धक्का किंवा ताण, चोरी, आग, पाणी, कीड, प्रदूषण, प्रकाश, चुकीचं तापमान, चुकीची आर्द्रता. ही नऊ कुणालाही सुचतील. दहावं कारण म्हणजे वस्तू आणि तिची माहिती यांची ताटातूट. तुमच्या पेटीचं जे झालं ते अगदी हेच. वस्तूला ओरखडासुद्धा नाही, तरी हानी झालेली. म्हणून तर त्याला आग आणि पुराच्या रांगेत बसवलं आहे.

यावरचा उपाय म्हणजे क्रमांक वस्तूवरच घालणं. चिठ्ठी हवीच, पण जोडीला. लाकूड, धातू, भाजलेली माती अशा वस्तूंवर सहज दिसणार नाही अशी जागा बघायची, तिथे पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक रेझिनचा पातळ थर द्यायचा, सुकल्यावर त्यावर टिकाऊ काळ्या शाईने बारीक अक्षरात क्रमांक लिहायचा आणि वरून दुसरा थर द्यायचा. उद्या काढायची वेळ आली तर ॲसिटोनने निघतो, मूळ वस्तूला काही होत नाही. प्लास्टिकवर मात्र हे कधीही करू नका, ॲसिटोनने बऱ्याच प्रकारचं प्लास्टिक विरघळतं. कागदावर फक्त मऊ शिसपेन्सिल, तीही मागच्या बाजूला, एका कोपऱ्यात. कापडाला सुती पट्टीवर क्रमांक लिहून ती पट्टी दोन-चार सैल टाक्यांनी शिवायची.

आणि क्रमांक साधा ठेवा. वर्ष, त्या वर्षातली कितवी देणगी, त्या देणगीतली कितवी वस्तू. २०१९.७.३ म्हटलं की २०१९ मधल्या सातव्या देणगीतली तिसरी वस्तू. क्रमांकातच सगळी माहिती कोंबायचा मोह होतो: 'ला' म्हणजे लाकूड, 'सु' म्हणजे सुतार. तो टाळा. पुढे कळतं की ते हत्यार सुताराचं नव्हतंच, आणि मग क्रमांक खोटा ठरतो.

बाकी १७ हत्यारांसाठी एक विचारतो. चिठ्ठ्यांचं पाकीट जपून ठेवलंय ना? आणि हत्यारांवर सुतळीचे तुकडे राहिलेत का?

पहिलंपान

धागा वाचून विचारायचं धाडस करतो. मला इतिहासाची आवड आहे, पण पदवी हिशोबाची. वेळ म्हणाल तर फक्त रविवारी सकाळचे दोन-तीन तास. अशा माणसाला संग्रहालयात घेतात का? घेतलं तर तो उपयोगी पडतो का? मला लोकांसमोर बोलायला जमत नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

कंदील

शाईदौत, पाकीट आहे. आणि हो, बऱ्याच हत्यारांवर सुतळीची गाठ तशीच आहे, कारण मी चिठ्ठीच्या जवळून कापलं होतं. का विचारलंत?

पहिलंपान, नक्की घेतात, आणि हिशोबाचा माणूस म्हणजे तर आनंदच. आमच्याकडे एक ताई आहेत, आयुष्यभर बँकेत काम केलं. त्यांनी पहिल्या महिन्यात दोन वह्या शेजारी ठेवून तपासल्या आणि एकच क्रमांक दोन वस्तूंना दिलेला आहे अशी नऊ ठिकाणं काढून दाखवली. आम्हा इतिहासवेड्यांना ती कित्येक वर्षांत दिसली नव्हती.

बोलायला जमत नाही याचा अजिबात विचार करू नका. माझा साधारण दिवस सांगते. आल्यावर आधी आर्द्रतामापकाचा आकडा आणि तापमान वहीत लिहायचं. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीची भीती असते, म्हणून तो आकडा रोज हवा. मग भिंतीकडेचे चिकट सापळे बघायचे: कोणता किडा, किती, कुठल्या खोलीत. मग त्या दिवसाचं काम. एक वस्तू टेबलावर घ्यायची, खाली मऊ पॅड, लांबी-रुंदी-उंची, वजन, कशाची बनवलेली, कुठे मोडलेली, कुठे दुरुस्त केलेली, चार बाजूंनी फोटो, वहीतली नोंद काढून पडताळा. एका वस्तूला पाऊण तास जातो. दोन-तीन तासांत तीन वस्तू झाल्या तर तो चांगला दिवस.

सुरुवातीला मला हे फार संथ वाटायचं. आता त्या पाऊण तासाची वाट बघते. एखादी वस्तू इतका वेळ नुसती निरखायला आयुष्यात दुसरीकडे कुठे मिळते?

रानवाट

सुंदर धागा. वाचनखूण साठवली.

घडीचा कागद

मी कापडांच्या बाजूला आहे, म्हणून त्याबद्दल लिहिते.

नवी वस्तू आली की ती थेट भांडारात न्यायची नाही, हा आमच्याकडे पहिला नियम. आधी वेगळ्या खोलीत, बंद पिशवीत. घरातल्या ट्रंकेतून आलेल्या लोकरीच्या कपड्यात कसर असते, आणि ती एका वस्तूबरोबर आत गेली तर कपाटच्या कपाट खाते. आमच्याकडे एकदा एक लोकरी कोट कुणीतरी घाईत कपाटात टांगला. सापळ्यांच्या वहीमुळे दोन आठवड्यांत लक्षात आलं. वही नसती तर वर्षभराने भोकंच दिसली असती.

उपाय म्हणजे गोठवणं. वस्तू पॉलिथिनच्या पिशवीत घालायची, हवा होईल तितकी काढायची, पिशवी पक्की बंद करायची आणि उणे २० अंशांच्या आसपास दोन आठवडे ठेवायची. उणे ३० मिळत असेल तर तीन दिवस पुरतात. खरी काळजी बाहेर काढताना घ्यायची: वस्तू खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, एक दिवस तशीच राहू द्यायची. लवकर उघडली तर गार कापडावर दव धरतं. काच, तैलचित्रं, दोन-तीन वेगळे पदार्थ जोडून केलेल्या वस्तू यांना मात्र हा उपाय नाही, त्यासाठी जाणकाराला विचारावं.

डांबराच्या गोळ्या टाकू नका. त्यांची वाफ माणसाला वाईट आणि काही वस्तूंनाही.

प्रकाशाबद्दलही एक. उजेड लक्समध्ये मोजतात, आणि कापड आणि कागद यांच्यासाठी ५० लक्स एवढाच ठेवतात. भर उन्हात एक लाख लक्सपर्यंत असतो, त्यावरून अंदाज करा. पाहुणे तक्रार करतात की दालन अंधारं आहे. मी त्यांना घडीचा आतला रंग आणि बाहेरचा रंग शेजारी दाखवते. मग कुणी काही बोलत नाही. उडालेला रंग परत येत नसतो, आणि चार महिन्यांची विश्रांती दिली म्हणून झालेलं नुकसान भरून निघत नाही. उजेडाचा हिशोब साठत जातो.

उंबरठा

सगळ्यांचं वाचलं. सगळ्यांच्या कष्टाबद्दल आदर आहे. तरी मला वेगळं म्हणायचं आहे.

मीही एका छोट्या संग्रहालयात दहा वर्षं काम केलं. आम्हीही वह्या ठेवल्या, आकडे लिहिले. आणि त्या दहा वर्षांत येणारे लोक कमी-कमी होत गेले. काचेमागे वस्तू, खाली लेबल, 'हात लावू नये'. शाळेची मुलं यायची, वीस मिनिटांत बाहेर. संग्रहालय जर आसपासच्या माणसांचं असेल, तर त्या माणसांना तिथे काय हवं आहे हे कोण विचारतं?

वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियन या अनेक संग्रहालयं चालवणाऱ्या अमेरिकन संस्थेने १९६७ साली अनाकोस्टिया भागात एका बंद पडलेल्या चित्रपटगृहात वस्तीचं संग्रहालय सुरू केलं. तिथे १९६९ साली प्रदर्शन भरवलं ते उंदरांवर, कारण तो त्या वस्तीचा रोजचा प्रश्न होता. जिवंत उंदीरसुद्धा ठेवले होते. स्थानिक इतिहास म्हणजे आजोबांच्या वस्तू एवढंच नव्हे, हे तेव्हा त्यांना कळलं होतं. आयकॉम या संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ऑगस्ट २०२२ मध्ये प्रागला संग्रहालयाची नवी व्याख्या मंजूर केली, तिच्यातही समुदायांच्या सहभागाचा स्पष्ट उल्लेख आहे.

म्हणून कंदीलताई, स्पष्ट सांगतो. त्या १७ हत्यारांच्या मागे आणखी सहा वर्षं घालवू नका. ती मुलांच्या हातात द्या. रंधा कसा चालतो ते बघू द्या. त्या हत्यारांची माहिती जुळत नसली तरी त्यांना हात तर लावता येईल.

कंदील

उंबरठा, तुमचं म्हणणं मी दोन दिवस मनात घोळवलं, म्हणून उत्तराला उशीर झाला.

मुलांच्या हाताला वस्तू लागली पाहिजे हे मला पूर्ण मान्य. आमच्याकडे त्यासाठी वेगळा संच आहे: ज्यांचा इतिहास मुळातच माहीत नाही किंवा ज्यांच्या दोन-दोन प्रती आहेत अशा वस्तू. त्या झिजणार हे धरूनच ठेवल्या आहेत. तो संच शाळांमध्येही जातो, आणि तो घेऊन जाणं हे मला सर्वांत आवडणारं काम आहे. एका मुलीने इस्त्री उचलली आणि दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "ही रोज उचलायचे?" तो प्रश्न कोणत्याही लेबलने तिच्या मनात आला नसता.

पण या १७ चा इतिहास माहीत नाही असं नाही. तो लिहिलेला आहे. तीन घरांनी विश्वासाने सांगितला, कुणीतरी ऐकून उतरवला, आणि मी तो तोडला. त्यांना 'बिनमाहितीच्या' संचात टाकलं तर माझी चूकच कायमची खरी होईल. ते मला करवत नाही.

शाईदौत

कंदीलताईंना अनुमोदन. उंबरठा यांचा मुद्दाही लाखमोलाचा आहे, फक्त या १७ हत्यारांना तो लागू होत नाही.

आता सुतळीबद्दल. कापलेल्या सुतळीची दोन टोकं असतात, एक हत्यारावरच्या गाठीला आणि एक चिठ्ठीला. भिंगाखाली ती जुळवून बघा. सुतळीचा पीळ, जाडी, रंग, कापाचा तिरकेपणा, कितव्या धाग्यापाशी कात्री अडली ते. तीन घरांच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या वर्षी बांधल्या असतील तर सुतळीही एकसारखी नसणार. निदान घर तरी ठरेल. हत्याराच्या दांड्यावर जिथे सुतळी वर्षानुवर्षं होती तिथे फिकी किंवा गर्द पट्टी उमटलेली असते, तीही बघा. आणि जुन्या वस्तुगणनेच्या वेळचे फोटो कपाटात कुठे पडलेत का?

भांडार एकदा पूर्ण आवरायचं असेल तर इक्रॉम या वारसा-जतनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची री-ऑर्ग नावाची पद्धत आहे, १०,००० वस्तूंपर्यंतच्या छोट्या संग्रहांसाठीच बेतलेली. पायरीपायरीने जाते. पैशापेक्षा माणसांचा वेळ लागतो.

जुनी पेटी

मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे वस्तू देणारा. वडिलांचा कॅमेरा, त्यांच्या निगेटिव्ह आणि कोणता फोटो कुठे काढला त्याची त्यांच्या हस्ताक्षरातली वही, असं सगळं मी एका संग्रहालयाला दिलं. पावती मिळाली नाही, मीही मागितली नाही. आठ वर्षांनी नातीला दाखवायला घेऊन गेलो. कॅमेरा काचेत होता, खाली लिहिलेलं: 'जुना कॅमेरा'. निगेटिव्ह आणि वही कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. तिथल्या माणसांनी प्रामाणिकपणे शोधलं, मी त्यांना दोष देत नाही. पण घरी येताना मी नातीशी काही बोलू शकलो नाही.

म्हणून देणाऱ्यांना कळकळीने सांगतो. दान करताना कागद करा. कायमचं दिलं की उसनं, हे त्यात स्पष्ट असू द्या. वस्तूबरोबर जे काही सांगाल ते आधी स्वतः लिहून काढा आणि एक प्रत आपल्याकडे ठेवा.

घडीचा कागद

जुनी पेटी काका, वाचून फार वाईट वाटलं. वडिलांची वही कदाचित अजून तिथेच, भलत्या खोक्यात असेल. सगळ्या कागदपत्रांची यादी करायचं काम निघालं की अशा गोष्टी वर येतात. पुन्हा एकदा विचारून बघा, आणि वहीचा आकार, पुठ्ठ्याचा रंग, अक्षराचा नमुना लिहून द्या.

घेणाऱ्यांच्या बाजूने एवढंच सांगते की 'नाही' म्हणायला शिकावं लागतं. आमच्याकडे शिवणयंत्रं आठ आहेत. नववं आणणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत आई दिसत असते. तरी जागा नसताना, नीट ठेवता येणार नसताना घेणं ही फसवणूक आहे. आम्ही मग त्यांना बसवून आईबद्दल विचारतो, ते रेकॉर्ड करतो, यंत्राचा फोटो घेतो, आणि यंत्र त्यांच्या घरीच राहतं. 'कायमस्वरूपी उसनं' हा प्रकार मात्र टाळतोच. तीस वर्षांनी कुणाचं काय, यावर भांडणं होतात.

निळी ज्योत

एक सावधगिरीची सूचना, कारण नवीन मंडळी वाचत आहेत.

जुन्या वस्तूंतल्या काही घातक असतात. १९५० च्या आधीच्या फिल्म आणि निगेटिव्ह नायट्रेटच्या, म्हणजे सहज पेट घेणाऱ्या एका जुन्या प्लास्टिकच्या, असू शकतात. त्या जळतात तेव्हा स्वतःच प्राणवायू तयार करतात, त्यामुळे पाण्याखालीही विझत नाहीत. पिवळ्या, चिकट झालेल्या किंवा तपकिरी भुकटी पडायला लागलेल्या फिल्म दिसल्या की रीळ उलगडत बसू नका, गार जागी वेगळ्या ठेवा आणि जाणकारांना बोलवा. व्हिनेगरसारखा वास आला तर ती ॲसिटेट फिल्म. तिला तशी आग लागत नाही, पण तीही कुजते आहे आणि शेजारच्या फिल्मना कुजवते आहे.

अंधारात चमकणाऱ्या जुन्या घड्याळांच्या काट्यांवर रेडियम असायचं. चमक गेली म्हणून रेडियम गेलं असं नाही. ते निम्मं व्हायलाच सुमारे १,६०० वर्षं लागतात. काच फुटलेली असेल तर हात लावू नका. पेंढा भरलेल्या जुन्या प्राण्यांच्या कातड्याला आर्सेनिक लावत असत, तिथे हातमोजे हवेतच. जुन्या औषधांच्या बाटल्या उघडून वास घेऊ नका. एकदा एका आजीने आणलेल्या पेटीत तोफगोळा निघाला होता. सगळ्यांनी बाहेर पडून पोलिसांना बोलावलं, हेच बरोबर.

हातमोज्यांबद्दल नेहमी विचारलं जातं. धातू आणि फोटोंना नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे. कागदाला मात्र धुतलेले, कोरडे हात बरे. सुती मोज्यात बोटांना कागद कळत नाही आणि कडा फाटतात.

पहिलंपान

तोफगोळ्याचं वाचून जरा दचकलो, पण इच्छा गेली नाही. काल जवळच्या संग्रहालयात अर्ज देऊन आलो.

कानोसा

मी मौखिक इतिहासाच्या मुलाखती घेतो. कंदीलताई, त्या हत्यारांबद्दल एक विचार. हातहत्यारांवर काम केलेला एखादा जुना सुतार तुमच्या ओळखीत असेल तर त्यांना बोलवा आणि हत्यारं त्यांच्या हातात द्या. हत्याराकडे नुसतं बघून माणूस जेवढं सांगतो त्याच्या कितीतरी पट हातात घेतल्यावर सांगतो. लाकडी रंध्यावर अंगठा कुठे टेकायचा तिथे खळगा पडतो. तो डावखुऱ्याचा की उजव्याचा हे त्यांना लगेच कळेल. पटाशीला धार किती वेळा लावली, दांडा घरी केलेला की विकतचा, हेही.

मुलाखतीच्या आधी लेखी संमती घ्या: आवाज कुठे वापरणार, नाव द्यायचं की नाही, नको वाटलं तर काढून टाकता येईल का. रेकॉर्डिंग वेव्ह (WAV) फाइलमध्ये, म्हणजे आकार लहान करण्यासाठी आवाज न दाबता, ठेवा, तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. आणि प्रश्न विचारून गप्प बसा. नवीन लोक शांतता झाली की घाबरून पुढचा प्रश्न टाकतात. खरं सांगणं त्या शांततेनंतरच येतं.

उंबरठा

कानोसा यांचं पटलं. आणि कंदीलताई, तुमचं 'ते मला करवत नाही' हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मी माझं १७ हत्यारांबद्दलचं म्हणणं मागे घेतो. माझ्या दहा वर्षांत आम्ही वह्या ठेवल्या, पण त्यांतलं वाचून दालनात कधी कुणाला सांगितलंच नाही. चूक वह्यांची नव्हती.

फक्त एक विनंती. त्या सुतारकाकांना बोलवाल तेव्हा ते दार बंद करून करू नका. पाहुण्यांसमोर, टेबल दालनात मांडून करा. लोकांना मागच्या खोलीतलं काम बघू द्या.

कंदील

चार महिन्यांनी लिहिते आहे.

उंबरठा म्हणाले तसंच केलं. दालनात मधोमध टेबल मांडलं, वर मऊ पॅड, भिंग, वही आणि ती १७ हत्यारं. सलग पाच शनिवार. ऐंशीच्या घरातले एक सुतारकाका आले, संमतीचा कागद वाचून सही केली आणि पहिला तास काहीच बोलले नाहीत. एकेक हत्यार उचलायचे, बोटांनी चाचपायचे, खाली ठेवायचे. मी गप्प राहिले (कानोसा, तुमच्यामुळे). आसपास लोक जमले, तेही गप्प.

मग त्यांनी पाच हत्यारं बाजूला काढली. म्हणाले, या पाचांचे दांडे एकाच माणसाने केलेत, टोकाची कड बघा, सगळीकडे सारखीच मारली आहे. मग एक रंधा उचलून म्हणाले, हा डावखुरा होता. वहीत एका घराच्या नोंदीत 'मधला मुलगा, डाव्या हाताने काम करी' असं वाक्य आहे. ते मी सहा वर्षांत किमान शंभर वेळा वाचलं असेन, पण हत्यारात ते कुठे शोधायचं हे मला माहीत नव्हतं.

सुतळीची टोकं जुळवायचं काम बँकेतल्या ताईंनी केलं. दोन प्रकारच्या सुतळ्या निघाल्या, एक तीन पदरी आणि एक दोन पदरी. तीन टोकं भिंगाखाली अशी जुळली की कात्री जिथे अडखळली होती तो धागा दोन्ही बाजूंना दिसत होता. ती कात्री माझ्या हातात होती.

आता ५३ हत्यारं आपापल्या नोंदीला लागली, आणि प्रत्येकावर शाईदौत यांनी सांगितल्याप्रमाणे क्रमांक घातला. आठ राहिली. त्यांना तात्पुरते क्रमांक दिले आहेत. वहीत त्यांच्यापुढे मी लिहिलं: 'मूळ चिठ्ठी साफसफाईच्या वेळी माझ्या हातून वेगळी झाली. संभाव्य घर: पहिलं किंवा तिसरं. चिठ्ठ्या पाकिटात, याच पेटीत.' खाली तारीख आणि सही. व्यवस्थापक म्हणाले, सहीची गरज नाही. मी केली. पुढे कुणाला काही सापडलं तर गाठ कुठे सुटली ते त्याला कळायला हवं.

सुतारकाका दर शनिवारी येतात आता. शाळेची मुलं आली की हात लावायच्या संचातला रंधा घेऊन फळीवर चालवून दाखवतात.

शाईदौत

सही केलीत ते फार बरं केलंत.

जुनी पेटी

कळवायला आनंद होतो, वडिलांची वही सापडली. घडीचा कागद यांनी सांगितलं तसं आकार आणि पुठ्ठ्याचा रंग लिहून दिला होता. ती दुकानांच्या जमाखर्चाच्या वह्यांमध्ये होती, कारण पुठ्ठा तसाच लाल. निगेटिव्ह अजून शोधताहेत. काचेखालची पाटी बदलली आहे.

पहिलंपान

जुनी पेटी काका, किती छान! अभिनंदन.

मला घेतलं. आज चौथा रविवार. मला पत्रांचं एक खोकं दिलं आहे, यादी करायची. एका पाकिटावर शिसपेन्सिलीने कुणीतरी जुनी टीप लिहिली आहे, त्यातला एक शब्द लागत नाही. 'धाकटी' असेल किंवा 'थोरली'चं पुसट काही. मागचा संदर्भ बघता 'धाकटी' वाटतं. तसंच लिहून टाकू का?

कंदील

नको. जी अक्षरं स्पष्ट दिसतात तेवढीच उतरवा, न लागणाऱ्या जागी टिंबं द्या. तुमचा अंदाज वेगळ्या रकान्यात, 'वाचकाचा अंदाज' म्हणून, खाली तुमचं नाव आणि तारीख. पाकिटावरची टीप खोडू नका, आणि पाकीट पत्रापासून वेगळं करू नका.